वाकडे दात सरळ करायचे, पण केव्हा?

तारा कोणत्या बसवायच्या, किती पैसे लागतील, दुखेल का, याची चौकशी सगळेच आईवडील करतात. उपचार आत्ता करायचा की थांबायचे, हा प्रश्न मात्र फार थोडे जण विचारतात. खरे तर सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तोच आहे.

बंगळुरूच्या जयनगर, मल्लेश्वरम किंवा व्हाइटफील्ड भागातल्या दंतचिकित्सकांच्या दवाखान्यात संध्याकाळी तीन प्रकारचे रुग्ण हमखास भेटतात. पहिली असते दुसरी-तिसरीतली मुलगी. तिचे पुढचे दोन मोठे दात फाकलेले आहेत. आईला काळजी वाटते, तर आजीचे म्हणणे, ‘‘दुधाचे सगळे दात पडू देत गं, मग बघू.’’ दुसरा असतो आठवीतला मुलगा. फावड्या दातांवरून वर्गात चिडवतात म्हणून तो हसताना तोंडावर हात धरतो. आणि तिसरी असते पुण्याहून किंवा कोल्हापुरातून नोकरीसाठी येऊन इथे स्थायिक झालेली पस्तिशीची स्त्री. लहानपणी घरच्यांना परवडले नाही किंवा सुचले नाही, म्हणून राहून गेलेली गोष्ट तिला आता स्वतःच्या कमाईतून करायची असते.

तिघांचीही तक्रार एकच, दात वाकडे. उत्तरे मात्र तीन वेगवेगळी. मुलीला बहुधा काहीच करावे लागणार नाही. मुलाचे वय उपचारासाठी अगदी योग्य आहे, ते घालवता कामा नये. आणि त्या स्त्रीला उशीर झालेला नाही, पण तिला आधी हिरड्या तपासून घ्याव्या लागतील.

दात वाकडे का येतात?

याचे मोठे कारण आनुवंशिक. जबडा लहान आणि दात मोठे असले की दाटी होते, एक दात दुसऱ्यावर चढतो. उलट जबडा मोठा आणि दात लहान असले की फटी पडतात. कधी वरचा जबडा पुढे तर कधी खालचा पुढे, अशी हाडांचीच रचना असते. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वरच्या आणि खालच्या पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, यावरून या दोषांचे तीन मुख्य वर्ग पाडले. आजही तज्ज्ञ तीच वर्गवारी वापरतात.

काही कारणे मात्र घरातलीच असतात. चार वर्षांनंतरही चालू राहिलेली अंगठा चोखायची सवय, तोंडाने श्वास घेणे, गिळताना जीभ दातांमध्ये घालणे, यांमुळे वाढत्या जबड्यावर रोज थोडा थोडा दाब पडतो आणि दात पुढे येतात. आणखी एक कारण आपल्याकडे फार आढळते. ‘दुधाचेच तर दात, पडायचेच आहेत,’ असे म्हणून किडलेली दुधाची दाढ वेळेआधी काढून टाकली जाते. तिच्या मागची दाढ त्या रिकाम्या जागेत सरकते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागाच उरत नाही. दुधाची दाढ लवकर काढावी लागली, तर ती जागा राखून ठेवणारी छोटी कडी बसवता येते. त्याला स्पेस मेंटेनर म्हणतात. एवढ्याशा कडीने पुढचा बराच मोठा उपचार टळू शकतो.

सातव्या वर्षी एकदा दाखवा

अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेची शिफारस आहे, की मूल सात वर्षांचे होईपर्यंत त्याची एकदा तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. सातच वर्षे का? तर साधारण सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते आणि पाठोपाठ पटाशीचे कायमचे दात येऊ लागतात. दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसणार, याचा अंदाज तज्ज्ञाला तेव्हा येतो.

दाखवायचे म्हणजे लगेच तारा बसवायच्या, असे मात्र मुळीच नाही. या वयातल्या बहुतेक मुलांना ‘सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा या’ एवढेच सांगितले जाते. असे सांगणारा डॉक्टर काही करत नाही, असा गैरसमज करून घेऊ नये. योग्य वेळेची वाट पाहणे हाही उपचाराचाच भाग आहे.

राजहंसाचे पिल्लू

सात ते बारा या वयात अनेक मुलांचे वरचे दोन पुढचे दात फाकलेले आणि पंख्यासारखे बाहेर झुकलेले दिसतात. आईचा जीव कासावीस होतो. पण हाडात वर दडलेले कायमचे सुळे खाली येताना शेजारच्या दातांच्या मुळांवर दाब देतात आणि सुळे जागेवर आले की ही फट बहुधा आपोआप मिटते. दंतशास्त्रात या काळाला अँडरसनच्या गोष्टीतल्या कुरूप बदकपिल्लाचेच नाव दिले आहे. पुढे राजहंस होणाऱ्या या पिल्लाला घाईने तारा लावणे म्हणजे पैसे वाया घालवणेच, शिवाय सुळ्यांच्या वाटेत आलेल्या मुळांना इजाही होऊ शकते.

म्हणजे आजीचे म्हणणे इथे खरे ठरले. पण ते सर्वच बाबतींत खरे नसते.

वाट पाहू नये अशा तक्रारी

वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, मग तो पुढचा एखादा दात असो वा एका बाजूच्या दाढा, तर ते लवकर दाखवावे. अशा वेळी मूल चावताना जबडा एका बाजूला सरकवते आणि वाढत्या वयात चेहरा तसाच वाढण्याचा धोका असतो. वरचा जबडा अरुंद असेल, तर टाळूला बसवायच्या स्क्रूच्या साधनाने तो हळूहळू रुंद करता येतो. टाळूच्या मध्यावरचा सांधा लहानपणी पक्का झालेला नसतो, म्हणून हे जमते. तोच सांधा मोठेपणी घट्ट झाला, की या साध्या कामासाठी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागू शकतो.

खालचा जबडा पुढे येत असल्याचे दिसले, तर दहाव्या वर्षाच्या आत केलेल्या उपचाराचा फायदा अधिक होतो. अंगठा सुटत नसेल, तर रागावून, तिखट लावून उपयोग होत नाही. मूल मनाने तयार झाले, की टाळूला छोटी जाळी बसवून सवय मोडता येते. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्या, घोरणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतील, तर कारण कायम ठेवून नुसते दात सरळ करण्यात अर्थ नाही.

आणि खूप पुढे आलेले वरचे दात? इथे आईवडिलांना एक गोष्ट माहीत असलेली बरी. जगभरातल्या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१८ साली या प्रश्नाचा आढावा प्रसिद्ध केला. लहानपणी एकदा आणि पौगंडावस्थेत पुन्हा, असा दोन टप्प्यांत उपचार केलेल्या मुलांची तुलना पौगंडावस्थेत एकदाच उपचार केलेल्या मुलांशी केली गेली. लवकर उपचाराचा एक फायदा दिसला. पडल्या-झडल्यावर पुढचे दात तुटण्याचे प्रमाण कमी झाले. याखेरीज शेवटच्या परिणामात सांगण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणून मूल फार दांडगट असेल, सायकलवरून वारंवार पडत असेल किंवा दातांवरून चिडवल्यामुळे शाळेत जायला नाखूश असेल, तर लवकर उपचार करणे योग्य. एरवी दोनदा खर्च करण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, की थांबले तर काय बिघडेल?

वाढीचा झपाटा हाच सोबती

मुलींची उंची साधारण दहा ते तेरा आणि मुलांची बारा ते पंधरा या वर्षांत झपाट्याने वाढते. त्याच काळात जबडाही वाढतो. खालचा जबडा मागे राहिल्यामुळे दात पुढे दिसत असतील, तर हीच वेळ साधायची असते. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली तयार केलेले ‘ट्विन ब्लॉक’ नावाचे काढ-घाल करता येणारे साधन यासाठी जगभर वापरले जाते. वर आणि खाली एकेक प्लॅस्टिकचा ठोकळा बसवला, की तोंड मिटताना खालचा जबडा आपोआप पुढे येतो. हा ठोकळा दप्तरात राहिला तर अर्थातच काही होत नाही. जवळजवळ पूर्ण दिवस तो तोंडात असावा लागतो.

वाढ संपली की ही संधी गेली. मग दात सरकवता येतात, पण जबडा वाढवता येत नाही. मुलीच्या लग्नाचे बघायला सुरुवात झाली, की धावत दवाखाना गाठणारी कुटुंबे आजही कमी नाहीत. ‘सहा महिन्यांत होईल ना?’ हा त्यांचा प्रश्न असतो. साधारण उपचाराला दीड ते दोन वर्षे लागतात, हे ऐकून ती हिरमुसतात. तेराव्या वर्षी सहज झाले असते, ते तेविसाव्या वर्षी घाईने करावे लागते, तेही दुसऱ्यांच्या पसंतीसाठी. मुलीने आपल्याच आनंदासाठी हसावे, एवढे कारण तेराव्या वर्षी पुरेसे नसते का?

तारा नेमके काय करतात?

दात हाडात सिमेंटसारखा घट्ट बसलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचे आवरण असते. दाताला सतत हलका दाब दिला, की ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरते. दात असा महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जास्त जोर लावल्याने काम लवकर होत नाही, मुळांना मात्र इजा होते. म्हणूनच चांगला डॉक्टर घाई करत नाही. तार आवळल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकतात, चावायला नको वाटते. मऊ भात, इडली, खिचडी यांवर ते दिवस निघून जातात.

चिकटवलेल्या ब्रेसेसमध्ये प्रत्येक दातावर एक छोटे ब्रॅकेट आणि त्यांतून ओवलेली तार असते. सुरुवातीच्या तारा बहुधा निकेल-टायटॅनियमच्या असतात. वाकवल्या तरी त्या मूळ आकारात परत येऊ पाहतात आणि दातांना हलकेच ओढत राहतात. ब्रॅकेट धातूचे किंवा दाताच्या रंगाच्या सिरॅमिकचे असते. सिरॅमिक कमी दिसते, पण ते ठिसूळ आणि महाग. दातांच्या आतल्या बाजूने बसवायच्या ब्रेसेस बाहेरून दिसत नाहीत, पण जिभेला टोचतात, सुरुवातीला उच्चार बिघडवतात आणि खर्चही खूप वाढवतात.

बंगळुरूजवळच्या कोलार, चिक्कबळ्ळापूर भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. लहानपणी असे पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे, तपकिरी डाग पडतात. डाग जास्त असतील तर अशा दातांवर ब्रॅकेट नीट धरत नाही आणि ते वारंवार निघते. डॉक्टरांना हे आधी सांगितले, तर दाताचा पृष्ठभाग त्यानुसार तयार करता येतो.

ब्रेसेस असताना चकली, चिक्की, ऊस, भाजलेले दाणे, बर्फ यांना सुट्टी. बंगळुरूकरांचे लाडके कोडुबळे आणि निप्पट्टूही त्यातच आले. पेरू, सफरचंद खायचे तर फोडी करून. प्रत्येक जेवणानंतर ब्रश न केल्यास ब्रॅकेटच्या कडेने पांढरे डाग पडतात आणि तारा निघाल्यावर सरळ पण डागाळलेले दात पाहावे लागतात.

चांगले दात काढायचे कशाला?

दाटी फार असेल किंवा दात फार पुढे असतील, तर जागा करण्यासाठी सुळ्यांमागच्या उपदाढा काढाव्या लागतात, बहुधा चार. इथे घरातल्या थोरांचा विरोध ठरलेला. ‘वरचा दात काढला की डोळ्यांवर परिणाम होतो,’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यात तथ्य नाही. दाताच्या आणि दृष्टीच्या शिरा वेगवेगळ्या आहेत. मात्र प्रत्येकाचेच दात काढावे लागतात असेही नाही. बाजूने काढलेला एक्स-रे, दोन्ही जबड्यांचे ठसे किंवा स्कॅन आणि चेहऱ्याचे फोटो यांचा अभ्यास करूनच हे ठरते. हा अभ्यास न करता ‘चार दात काढू’ किंवा ‘एकही काढणार नाही’ असे कोणी सांगितले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

तिशी-चाळिशीतही दात सरकतात

हाड जिवंत असते, तोवर दात सरकतात. त्याला वयाची अट नाही. मात्र मोठ्यांचे आधी हिरड्यांचे आरोग्य पाहावे लागते. हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असतील तर प्रथम तो आजार आटोक्यात आणायचा, मग तारा. मधुमेह, तंबाखू-सिगारेटची सवय, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेल्या गोळ्या यांची माहिती लपवू नये. जबड्यातच मोठा दोष असेल, तर वाढ थांबल्यावर, म्हणजे अठराव्या वर्षाच्या पुढे, तारांसोबत जबड्याच्या शस्त्रक्रियेचा पर्याय असतो.

नोकरदार मंडळींचा ओढा आज पारदर्शक अलायनरकडे आहे. अमेरिकेत १९९७ साली स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने ‘इन्व्हिसलाइन’ या नावाने ते आणले. दातांवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ साच्यांची ही मालिका असते. एक साचा एक-दोन आठवडे वापरायचा, मग पुढचा. जेवताना काढता येतो, दात नीट घासता येतात, मीटिंगमध्ये कोणाच्या लक्षातही येत नाही.

पण काढता येतो, हीच त्याची कमजोरीही आहे. दिवसातले २० ते २२ तास तो दातांवर हवा. बंगळुरूत दर दोन तासांनी फिल्टर कॉफी पिणाऱ्याला हे हिशेबाने जमवावे लागते. कारण गरम कॉफीने साचा वाकतो, डागाळतो आणि साखर आत अडकून दात किडतात. शिवाय फार फिरलेले दात किंवा दात काढून मोठ्या जागा बंद करायच्या असतील, तर अलायनरने काम अवघड होते. अशा वेळी साध्या धातूच्या ब्रेसेसच सरस ठरतात.

घरबसल्या उपचारांचा मोह

‘किट मागवा, घरीच दातांचा ठसा घ्या, अलायनर पोस्टाने येतील,’ अशा जाहिरातींनी अनेकांना भुरळ घातली आहे. अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब ही या पद्धतीची सर्वांत गाजलेली कंपनी २०१४ साली सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली. उपचार अर्धवट राहिलेल्या ग्राहकांना आपापल्या दंतवैद्याकडे जाण्यास सांगण्यात आले. यातून एवढेच शिकायचे, की एक्स-रे न काढता, हिरड्या न तपासता कोणी दात सरकवू पाहत असेल, तर ते स्वस्त असले तरी नको.

कुठे जाल?

दात सरळ करण्याच्या शास्त्रातला तज्ज्ञ म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. बीडीएसनंतर याच विषयात तीन वर्षांची एमडीएस पदवी त्याने घेतलेली असते. पाटीवर फक्त ‘डेंटल क्लिनिक’ असेल, तर तारा कोण बसवणार आणि त्याची पदवी कोणती, हे विचारण्यात संकोच नसावा.

धातूच्या ब्रेसेस सर्वांत स्वस्त, सिरॅमिक त्याहून महाग आणि अलायनर तसेच आतल्या बाजूच्या ब्रेसेस सर्वांत महाग, असा साधारण क्रम आहे. हा खर्च बहुतेक आरोग्य विम्यांत मिळत नाही. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही, त्यांच्यासाठी दंतमहाविद्यालये हा उत्तम मार्ग आहे. बंगळुरूत व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंतमहाविद्यालय आहे. १९५८ साली सुरू झालेल्या या संस्थेखेरीज शहरात अनेक खासगी दंतमहाविद्यालयेही आहेत. बेळगावात केएलई संस्थेचे, तर महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंतमहाविद्यालये आहेत. मुंबईत नायर रुग्णालयाचेही आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या पडतात, पण खर्च बराच कमी होतो.

बंगळुरूसारख्या शहरात आणखी एक अडचण येते. उपचार दोन वर्षांचा आणि नोकरी वर्षाला बदलणारी! बदलीची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. शहर सोडताना एक्स-रे, ठसे, फोटो आणि आतापर्यंतच्या उपचाराचा लेखी गोषवारा मागून घ्यावा आणि उरलेल्या पैशांचा हिशेबही करावा. या कागदांशिवाय पुण्या-मुंबईतल्या नव्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तारा निघाल्या, काम संपले नाही

सगळ्यात जास्त निराशा होते ती इथे. सरकवलेले दात आपल्या जुन्या जागी परतू पाहतात. हिरडीतले तंतू नव्या जागी रुळायला वर्षभर लागू शकते आणि वयानुसार दात थोडेफार सरकतच राहतात. म्हणून तारा निघाल्यावर रिटेनर वापरावे लागते, सुरुवातीला दिवसरात्र, पुढे फक्त रात्री. कधी दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवतात. परीक्षा आली, वसतिगृहात गेला, डबी हरवली, अशा कारणांनी रिटेनर सुटते आणि दोन वर्षांची मेहनत आणि आईवडिलांचे पैसे वाया जातात. मूल पुढची काही वर्षे रोज रात्री रिटेनर घालेल का, याचे उत्तर तारा बसवण्याआधीच घरात ठरायला हवे.

होकार देण्यापूर्वी हे विचारा

• दोष दातांत आहे की जबड्याच्या हाडात?
• उपचार आत्ताच हवा का? वर्षभर थांबलो तर काय नुकसान होईल?
• दात काढावे लागतील का? कोणते आणि का?
• या दोषासाठी कोणते साधन योग्य, आणि त्याहून स्वस्त पर्याय आहे का?
• एकूण खर्चात रिटेनर, एक्स-रे आणि निघालेल्या ब्रॅकेटची दुरुस्ती धरली आहे का?
• किती महिने लागतील आणि किती दिवसांनी यावे लागेल?
• मध्येच गाव सोडावे लागले, तर कागदपत्रे आणि पैसे यांचे काय?
• तारा निघाल्यावर रिटेनर किती वर्षे वापरायचे?

या प्रश्नांची उत्तरे न कंटाळता देणारा डॉक्टर सापडला, की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे घरच्यांचे. योग्य वय हातचे जाऊ न देणे आणि तारा निघाल्यावरही रिटेनरचा नेम न मोडणे.